दोनदा दाबायचा ब्रेक

किस्से कधी एकटे येत नाहीत. मेंढरांसारखे येतात. एक आत शिरला की मागचे चाळीस विचारायला थांबत नाहीत! परवा जुन्या ऑफिसातले आम्ही चौघे पेन्शनर चहाला बसलो होतो. विषय साधा होता, कुणाच्या तरी स्कूटरचा ब्रेक लागत नव्हता. तेवढ्यात एकजण म्हणाला, "आपली पिकअप आठवते का रे?" झालं! पुढचे दोन तास हॉटेलवाला आमच्याकडे बघत बसला. चार कपांत दोन तास बसणारी गिऱ्हाइकं त्यालाही नको असतात.

तेव्हा म्हटलं, लिहूनच टाकावं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. सोलापुरात आमचं एक छोटं सरकारी कार्यालय होतं. काम एकच. चांगल्या जातीचे मेंढे पाळायचे आणि गावोगावच्या धनगरांच्या कळपात सोडून यायचे, म्हणजे पुढची पैदास चांगली निघावी. मी तिथं स्टोअरकीपर. आमचं घर विणकरांचं. घरात तेलुगू, गल्लीत दखनी, ऑफिसात मराठी. मेंढराशी माझा संबंध घोंगडीपुरताच!

मेंढे न्यायला खात्यानं एक पिकअप दिली होती. परदेशी बनावटीची, जुनी, दणकट. स्टिअरिंग डाव्या बाजूला. म्हणजे ड्रायव्हर डावीकडे आणि साहेब उजवीकडे. इंजिन असं की कुठल्याही चढावर गाडी कधी अडली नाही.

अडचण फक्त थांबण्याची होती.

*

ड्रायव्हर होता बिरू. सांगोल्याकडचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. बोलणं कमी, पण जे बोलायचा ते नेमकं वर्मावर लागायचं.

एक दिवस तो सबनीस साहेबांच्या टेबलापुढं उभा राहिला. सबनीस साहेब आमचे अधिकारी. पुण्याहून आलेले, इस्त्रीचे कपडे, इस्त्रीचं मराठी.

"साहेब, मोटारीचा ब्रेक लागंना."

"अजिबात लागत नाही?"

"लागतोय. पर पयल्या दाबाला न्हाय. पायडल सरळ खाली जातंय. दुसऱ्यांदा दाबला की मग लागतोय. तेल बी गळतंय कुटंतरी."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. जरा विचार केला.

"म्हणजे दोनदा दाबला की लागतो?"

"व्हय."

"मग दोनदा दाबा ना!"

एवढ्यावर मिटलं असतं. पण आमचे हेडक्लार्क काळे म्हणजे कागदाचे भक्त. तोंडी सूचना ही सूचनाच नव्हे, असं त्यांचं ठाम मत. संध्याकाळपर्यंत टाइप केलेला आदेश निघाला : 'वाहनचालकांनी ब्रेकचा वापर करताना तो दोन वेळा दाबावा. यात कसूर होऊ नये.'

बिरूला मी तो वाचून दाखवला. त्यानं सही केली आणि विचारलं, "भाऊसाहेब, उद्या तिसऱ्या दाबाला लागाय लागला, तर नवा कागद काडत्याल व्हय?"

*

पंधरा दिवसांत मोडनिंबचा प्रकार झाला.

मेंढे पोचवून गाडी परत येत होती. मोडनिंब गावाजवळ हायवेवर बिरूच्या ओळखीची चहाची टपरी होती. तिथं थांबायला म्हणून त्यानं गाडी कडेला घेतली. वेग बैलगाडीएवढा असेल. ब्रेक दाबला, पायडल खाली गेलं. पुन्हा दाबला, लागला. तोवर गाडीचं नाक टपरीच्या आत! बाकडं मोडलं, बरण्या पडल्या, माणूस मात्र कुणी दुखावला नाही. हँडब्रेक होता, पण तो बिरू कोट अडकवायला वापरायचा. दुसऱ्या कशाला त्याचा उपयोग नव्हता.

टपरीवाला शांतपणे म्हणाला, "बिरूभाऊ, रोज आत या म्हणतो मी. पर एकट्यानं यायचं हुतं की!"

ऑफिसात आल्या आल्या काळ्यांनी मेमो काढला. 'ब्रेकच्या वापराबाबत लेखी आदेश असताना सदर हॉटेलास धडक कशी बसली, याचा खुलासा तीन दिवसांत करावा.'

बिरूचा खुलासा मी लिहून दिला. मजकूर त्याचा, अक्षर माझं. बोली तेवढी मी शुद्ध केली, बाकी काही बदललं नाही :

'मी आदेशाप्रमाणे ब्रेक दोनदा दाबला. हॉटेल पहिल्या आणि दुसऱ्याच्या मध्ये आले.'

*

मग मात्र साहेबांनी गाडी सात रस्ता चौकात महबूब मिस्त्रीकडं नेऊन दाखवायला सांगितली. बिरू आणि मी गेलो. मिस्त्री पाठीवर पडून गाडीखाली सरकला. आत काहीतरी खरवडल्याचा आवाज आला, मग बराच वेळ हसल्याचा.

"ओ स्टोअरवाले भाई, ये ब्रेक का पाइप नै, बासरी है बासरी!"

ब्रेकचं गणित सोपं असतं. पायडल दाबलं की एका बारीक पाइपातून तेल चाकांपर्यंत जोरानं जातं आणि चाक धरलं जातं. पाइपाला भोक पडलं की तेल बाहेर आणि चाक मोकळं. आमच्या पाइपाला एक नव्हे, जागोजाग भोकं पडायला आली होती. त्याचं कारण मिस्त्रीनं वर बोट करून दाखवलं. वर गाडीच्या हौद्याच्या फळ्या. फळ्यांत फटी. फटींवर मेंढे उभे राहणार आणि बरोबर त्यांच्याखालून मागच्या चाकांचा पाइप गेलेला.

"बरसोंसे अभिषेक चल रा इसके ऊपर," मिस्त्री म्हणाला. "लोखंड है बिचारा, कितना सहेगा? अब्बी डाग देतूं. आठ दिन चलेंगा. उसके पैले नवा पाइप लाओ. पुरा. तुकडा नक्को."

त्यानं भोकांवर कथलाचे डाग दिले. आठ दिवसांचा वायदा होता. ते डाग आम्ही सहा महिने चालवले!

*

सहा महिने का लागले, ते ऐका.

नवा पाइप मागवायचा तर वरच्या ऑफिसला कारण कळवायला हवं. काळ्यांनी मसुदा करायला घेतला आणि एका शब्दावर अडले. सरकारी पत्रात तो शब्द त्यांना लिहवेना. तासभर चष्मा पुसून त्यांनी लिहिलं, 'नैसर्गिक द्रवामुळे पाइप गंजला आहे.'

महिन्यानं उत्तर आलं. 'नैसर्गिक द्रव म्हणजे पावसाचे पाणी, असे गृहीत धरण्यात येत आहे. तथापि सोलापूर जिल्ह्यातील पावसाचे प्रमाण पाहता पाइप गंजणे शक्य वाटत नाही. खुलासा व्हावा.'

आता नाइलाज झाला. काळ्यांनी डोळे मिटून तो शब्द लिहिला, पुढं 'मेंढ्यांचे' असंही लिहिलं. पुन्हा महिना गेला. उत्तर आलं : 'मेंढ्यांना वाहनात चढवण्यापूर्वी मोकळे करून घ्यावे व तशी नोंद ठेवावी.'

तुम्हाला खोटं वाटेल, पण आम्ही नोंदवही सुरू केली! मेंढ्याचा क्रमांक, वेळ, शेरा, सही. आमचा शिपाई तुकाराम, पन्नाशीचा माणूस, मिशा पांढऱ्या झालेला, सकाळी आठ वाजता मेंढ्यांच्या रांगेपुढं उभा राहून "शूऽऽ" करायचा. बिरू बाजूला बसून बघायचा.

"तुकाप्पा," तो एकदा म्हणाला, "मेंढरं काय करीनात गा. पर तुज्याकडं बघून मलाच जावंसं वाटाय लागलंय."

एकदा सात नंबरचा मेंढा हटून बसला. साडेदहापर्यंत काही नाही. साहेब तयार होऊन ताटकळले. शेवटी तसाच चढवला. चढला, चारी पाय रोवून उभा राहिला आणि फळीच्या फटीवर नेम धरून मोकळा झाला!

काळ्यांनी दौऱ्याच्या नोंदीत लिहिलं, 'मेंढा क्रमांक ७ याच्या असहकार्यामुळे निघण्यास विलंब.'

*

इथं माझाही एक मूर्खपणा सांगायला हवा, नाहीतर तुम्ही म्हणाल, हा सगळ्यांना नावं ठेवतो आणि स्वतः नामानिराळा.

वरच्या ऑफिसनं अखेर पाइपाची लांबी विचारली. ती मोजायचं काम माझ्याकडं आलं. मी टेप घेऊन गाडीच्या बाजूनं पुढून मागं सरळ मोजलं, आकडा लिहिला, पाठवून दिला. पाइप गाडीखाली सरळ जात नाही, तो वळणं घेत जातो, अॅक्सलला वळसा घालतो, हे बघायला वाकावं लागतं. माझी पँट नवी होती. मी वाकलो नाही.

पाइप आला आणि हातभर आखूड निघाला. महबूब मिस्त्रीनं तो गाडीला लावून बघितला, मग माझ्याकडं बघितलं.

"कुच हरकत नै," तो म्हणाला. "पाइप बढता नै, तो गाडी थोडी छोटी कर देते."

विणकराच्या घरात जन्मलेला पोरगा सुताचं माप चुकला, हे वडिलांना कळल्यावर ते तेलुगूत जे बोलले, ते मी इथं लिहीत नाही.

दुसरा पाइप मागवला. तो एस.टी.च्या टपावरून आला, सरळ, लांबच्या लांब. मी त्या दिवशी रजेवर. काळ्यांनी तो स्वतः ताब्यात घेतला. सरकारी वस्तू कुलपात हवी, पण कपाट तर पुरुषभर उंचीचं. काळ्यांनी तुकारामला हाताशी घेऊन मार्ग काढला. दुसऱ्या दिवशी मी आलो तर अभिमानानं म्हणाले, "तुमच्या वस्तूची कुठं आबाळ होऊ दिली नाही हो. व्यवस्थित घडी घालून ठेवली आहे."

घडी! धोतराची घालतात तशी, चार पदरी, वर सुतळीनं बांधलेली. प्रत्येक घडीवर पाइप चेपून बंद झालेला.

मिस्त्रीनं सुतळी सोडली. एकेका घडीवरून बोट फिरवलं. मग एवढंच म्हणाला, "इसकू इस्त्री करके लाओ."

*

आता करकंबचं सांगतो. हे सांगताना हसू येतं, पण त्या दिवशी कुणी हसत नव्हतं.

करकंबला मेंढेवाटपाचा मोठा कार्यक्रम होता. हार-तुरे, मंडप, सगळं. सकाळी आठ मेंढे गाडीत चढले. साहेब बाहेर आले, तर बिरू गाडीपासून दूर उभा.

"साहेब, आज मी मोटार न्हेत न्हाय."

"म्हणजे?"

"डाग सुटत आलाय. काल मिस्त्रीला दावलं. त्यो म्हनला, जोरात दाबलास की फुटंल."

"मग जोरात दाबू नका."

"साहेब, रस्त्यावर मानसं असत्यात."

साहेबांचा चेहरा लाल झाला. "नेणार नाही, हे लेखी द्या. मी सस्पेन्शन लेखी देतो. लगेच."

बिरू टोपी हातात घेऊन उभा राहिला. घरी बायको, तीन लेकरं, म्हातारे आईबाप. आम्ही सगळे जमिनीकडं बघत होतो. मी पण. एकानंही "बिरू बरोबर बोलतोय" असं म्हटलं नाही, हे कबूल करायला हवं.

साहेबांना वाटलं, जिंकलो. जरा मऊ आवाजात म्हणाले, "मी स्वतः पुढं बसतो आहे ना? मला जिवाची भीती नाही, तुम्हाला आहे?"

बिरूनं टोपी डोक्यावर घातली. "बसा," म्हणाला.

तुकाराम आणि मी मागं हौद्यात, मेंढ्यांच्यात. मोडनिंबपर्यंत बिरूनं गाडी अशी हळू आणली की सायकलवाले मागं टाकून जात होते. तिथून करकंबच्या रस्त्याला लागलो. पुढं एका ओढ्याकडं लांब उतार आहे. उताराच्या तळाशी अरुंद पूल आणि पुलावर एक बैलगाडी. गाडीत कामाला निघालेल्या चार-पाच बायका.

मागं आम्हाला पायडलचा आवाज ऐकू आला. धप्. मग धप्, धप्. मग नुसतंच धप् धप् धप् धप्. तुकारामनं माझा हात धरला. बिरूनं गिअर खाली ओढला, इंजिन किंचाळलं, पण उतार आणि आमचं वजन ऐकेना. हॉर्न ऐकून बायका उठून उभ्या राहिल्या, बैल जागीच थांबले. डावीकडं खोल चर, उजवीकडं डोक्याच्या वर गेलेला ऊस.

बिरूनं गाडी उसात घातली.

सरसर, काडकाड आवाज, तोंडावर पाचट, अंगावर मेंढे. चाळीसेक पावलं आत जाऊन गाडी उसानंच धरली आणि थांबवली. मग एकदम शांत. फक्त बैलांच्या घुंगरांचा आवाज, पूल ओलांडून जाणारा.

बिरू उतरून मागं आला. आधी मेंढे मोजले, मग आम्हाला. सगळे धड होते. तेवढ्यात ऊसवाला शेतकरी हातात काठी घेऊन आला आणि थेट उजव्या दाराशी गेला. आत सबनीस साहेब बसलेले, घामानं निथळत, केसांत पाचट.

"उतर खाली, ड्रायव्हरा! दारू पिलाईस व्हय? कारखान्याची तोड यायला अजून म्हैना हाय, तू आदीच कशाला आलास?"

"मी... मी ड्रायव्हर नाही," साहेब म्हणाले. "मी अधिकारी आहे."

"मग तर लईच वंगाळ की!"

तोवर आमचे मेंढे खाली उतरून ऊस खायला लागले होते. कार्यक्रम मेंढ्यांविनाच झाला. हार घातले गेले, भाषणं झाली. साहेब एस.टी.नं परतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला पाइपाची फाईल साहेबांच्या खोलीत गेली आणि साडेअकराला परत आली. जागेवरच खरेदीची मंजुरी! सहा महिन्यांत ती फाईल पहिल्यांदाच एवढी पळाली. वर साहेबांच्या अक्षरात लिहिलेलं : 'अत्यंत तातडीचे.' खाली दोन रेघा. तिसरी मारताना कागद फाटला होता.

*

या खेपेला महबूब मिस्त्रीनं मला जवळ येऊ दिलं नाही. त्यानं स्वतः सुतळी घेतली, जुन्या पाइपाच्या प्रत्येक वळणावरून फिरवली आणि गाठ मारून माप धरलं. जुने नट गंजून बसले होते, ते दोन दिवस रॉकेलमध्ये भिजवत ठेवले. नवा पाइप फटींखालून न नेता दुसऱ्या बाजूनं नेला, वर पत्र्याचं छप्पर घातलं. "अब करो जितना अभिषेक करना है," म्हणाला.

शेवटचं काम राहिलं, पाइपातली हवा काढायचं. एकानं वर बसून पायडल दाबून धरायचं. खाली मिस्त्री चाकाजवळचा स्क्रू सोडणार, हवा आणि तेल बाहेर येणार, स्क्रू परत आवळणार, मग वरच्यानं पाय काढायचा. पाय आधी काढला तर हवा पुन्हा आत.

सबनीस साहेब त्या दिवशी हजर होते. आता त्यांचा कुणावर विश्वास उरला नव्हता. म्हणाले, "मी दाबतो."

सात रस्त्याची भर दुपार. क्लास वन अधिकारी स्टिअरिंगमागं बसलेला, खालून फक्त आवाज. "दबाओ! पकडो! पकडो! अब छोडो! दबाओ!" साहेब निमूट दाबत होते. कुणीतरी सांगतंय आणि साहेब तसं करतायत, हे आमच्यातल्या कुणीच आधी बघितलं नव्हतं. तुकाराम तर हात जोडून उभा होता.

तेवढ्यात रस्त्यावरून दुसऱ्या खात्याचे एक साहेब चालले होते. त्यांनी हात वर केला, "काय सबनीस, इकडे कुठे?" साहेब सवयीनं उठायला गेले. पाय सुटला!

खालून गर्जना आली, "कौन गधा छोडा रे?"

मिस्त्रीला खालून माणूस दिसत नव्हता.

साहेब हळूच म्हणाले, "मी."

"फिर से!" मिस्त्री म्हणाला. "सुरू से!"

*

गाडी तयार झाली. वरच्या ऑफिसचे एक तज्ज्ञ ती तपासायला आले. बिरूशेजारी बसले, मांडीवर फाईल उघडली, खिशातून पेन काढलं.

"वेग घ्या. आता दाबा."

बिरूनं हळू दाबला. गाडी थांबली.

"असं नाही. पूर्ण जोरानं. काय असेल ते कळलं पाहिजे."

"साहेब, धरून बसा."

"तुम्ही दाबा हो!"

बिरूनं दाबला. गाडी जागच्या जागी उभी राहिली. तज्ज्ञ मात्र थांबले नाहीत. कपाळ काचेवर, चष्मा पायाशी, फाईल बॉनेटपर्यंत जायची तेवढी राहिली.

त्यांच्या अहवालात शेरा आला : 'ब्रेक आवश्यकतेपेक्षा अधिक कार्यक्षम आहेत.' काळ्यांनी लगेच टिपणी ठेवली, ब्रेक थोडे कमी करून घ्यावेत काय?

बिरू मला म्हणाला, "आता अर्दाच दाबायचा हुकूम निगतोय बगा."

*

सगळ्यात शेवटी झाली चौकशी. सरकारी गाडी रस्ता सोडून शेतात गेली, शेतकऱ्याची तक्रार आली, म्हणजे कुणालातरी जबाबदार धरायलाच हवं. पुण्याहून चौकशी अधिकारी आले. किरकोळ देहाचे, शांत, जाड भिंगांचा चष्मा. छापील फॉर्म घेऊन बसले. शेजारी खुर्चीवर सबनीस साहेब. समोर बिरू उभा. माझं अक्षर बरं, म्हणून जबाब लिहायला मला बसवलं.

"गाडी शेतात का नेली?"

"पुलावर बैलगाडी हुती. गाडीत बायका हुत्या."

"ब्रेक?"

"न्हवता."

"ब्रेक खराब आहे, हे माहीत होतं?"

"व्हय."

"मग गाडी काढली कशाला?"

वर पंखा फिरत होता. सबनीस साहेब त्या पंख्याकडंच बघत होते. सस्पेन्शनची धमकी आम्ही सगळ्यांनी ऐकली होती. आता बिरूनं एक वाक्य बोलायचा अवकाश होता. माझं पेन तयार होतं. खरं सांगायचं तर मी वाटच बघत होतो.

"दौरा हुता," बिरू म्हणाला.

चौकशी अधिकाऱ्यांनी फॉर्म उलटला. "पुढचा रकाना. 'प्रसंगी वरिष्ठ अधिकारी वाहनात उपस्थित असल्यास त्यांनी दिलेला आदेश.' साहेब शेजारी बसले होते. त्या क्षणी ते काय म्हणाले? नेमके शब्द आठवतात?"

साहेबांनी रुमाल काढला, कपाळ पुसलं. रुमाल परत खिशात जाईना. मागं हौद्यात असल्यामुळं आम्हाला काही ऐकू आलं नव्हतं. काय ते फक्त दोघांनाच माहीत.

बिरूनं साहेबांकडं एकदा बघितलं.

"साहेब म्हनले, बिरू, बैलगाडी वाचव. मोटार उसात घाल."

मी लिहून घेतलं.

महिन्याभरानं वरून दोन पत्रं आली. एक साहेबांना : संकटसमयी दाखवलेल्या प्रसंगावधानाबद्दल प्रशंसा. ते काळ्यांनी चौकट करून साहेबांच्या खोलीत लावलं. दुसरं बिरूला : उभ्या पिकाचं नुकसान केल्याबद्दल सक्त ताकीद, सर्व्हिस बुकात नोंद. बिरूनं त्याच्यावर सही केली आणि बाहेर लिंबाच्या झाडाखाली जाऊन बसला.

मी त्याच्यामागं गेलो. मला राहवत नव्हतं.

"बिरू, साहेब खरंच तसं म्हणाले?"

"न्हाय."

"मग काय म्हणाले?"

बिरूनं बिडी काढली. काडी दोनदा विझली, तिसऱ्यांदा पेटली.

"दोनी हात तोंडावर घेतलं हुतं त्यानी. 'आई, आई' करत हुते. बारक्या पोरागत."

"अरे, मग तेच सांगायचं होतंस की! ताकीद तरी वाचली असती!"

बिरूनं धूर सोडला आणि माझ्याकडं बघितलं.

"भाऊसाहेब, हुकमाच्या त्या रकान्यात ते कसं लिवलं असतं तुमी?"